पंप नवा दोन

नाचणगावच्या नत्थूला आपलं नाव आयुष्यभर बोचलं. नजर लागू नये म्हणून ठेवलेलं नाव ते. म्हणून त्यानं पोराचं नाव बुद्धाच्या पहिल्या पाच शिष्यांतून निवडलं, अश्वजित.

अश्वजित पॉलिटेक्निक करून १९९९ साली हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत लागला. तिथले पंखे, पंप, फवारे एकाच कॉम्प्युटरवरून चालत. बसवणारा इंजिनिअर घाईघाईत सेटिंगना नावं देऊन निघून गेला होता : 'पंप', 'पंप नवा', 'पंप नवा २'. पहिला बोअरचा, दुसरा सुताला ओलावा देणाऱ्या फवाऱ्यांचा, तिसरा आगीसाठीचा. हे अश्वजितनं वायरी धरत धरत, महिनाभर खपून शोधून काढलं.

त्यानं मॅनेजर मधुकररावांना लेखी अर्ज दिला. आगीच्या पंपाचं नाव 'आग-पंप कापूस-गोदाम' करावं, बाकीचीही अशीच.

"चालू मशीनले हात काऊन लावतं?" मधुकरराव म्हणाले. "गिरणी बंद पडली तं?"

भीती खोटी नव्हती. त्या नावावर दुसऱ्या पंचवीसेक सेटिंगा टेकल्या होत्या. एक जरी राहून गेली तर पंप मुका व्हायचा. अश्वजितनं एक दिवस गिरणी थांबवायची परवानगी मागितली. चार वर्षं मागितली. शेवटी स्क्रीनच्या कडेला त्यानं कोणता पंप कशाचा याची चिठ्ठी चिकटवली. दिवाळीच्या साफसफाईत ती कोणीतरी काढून टाकली. परत लिहू, परत लिहू म्हणता राहूनच गेलं.

मार्चमध्ये बापाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यानं दोन दिवसांची सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामात कापूस पेटला. त्याच्या जागी कॉम्प्युटरवर बसवलेल्या महादेवरावांनी घाईघाईत 'पंप नवा' चालू केला. सूतखात्यात फवारे उडायला लागले. गोदामात थेंब नाही. चूक कळेपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि कापसाची गठाण बाहेर ओढणाऱ्या विमलाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी अश्वजितचा अर्ज पुढे सरकवला.

"सही तुमचीच ना? म्हणजे धोका तुम्हाला माहीत होता. मग चिठ्ठी परत का लावली नाही?"

मधुकरराव खिडकीतून बाहेर बघत राहिले. आठवड्यात अश्वजितला कामावरून काढलं.

तो दवाखान्यात गेला. विमलाबाईची सून तिला चमच्यानं वरण भरवत होती.

"मावशी, माया हातून झालं हे," तो म्हणाला.

"तू तं तिथं नव्हताच ना रे," ती म्हणाली. मग तिनं चमच्यापासून तोंड फिरवलं. "पण तुले माहीत होतं म्हणतेत."

सुनेनं वाटी ठेवली, पदरानं सासूचं तोंड पुसलं आणि त्याला म्हणाली, "आता जा भाऊ. पुन्हा नोको येजो."

पुलगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्याला काम मिळालं. गिरणी महिनाभरानं सुरू झाली. नावं तीच राहिली. बदलायची तर गिरणी एक दिवस बंद ठेवावी लागली असती.