हातचे चार

इथले गूढ अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. स्वतःचा लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. बावीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवतेय. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी चालतं, असं दर वर्षी नवी पोरं सांगतात. मी त्यांना वर नेऊन टाकीचा सुटलेला पाइप दाखवते. असा माझा स्वभाव. त्यामुळे घडलं तेवढंच सांगते, पदरचं काही नाही.

शाळा पिंपळे गुरवला. माझ्याकडे चौथीचा वर्ग, पट अडतीस. बहुतेक आईबाप कंपन्यांत कंत्राटावर. काम बदललं की खोली बदलते, खोली बदलली की पोर गायब. दाखला न्यायला कोणी येत नाही. आमच्या पटावर नाव असल्यामुळे ते पोर शाळाबाह्य धरलं जात नाही, आणि प्रत्यक्षात कुठल्याच शाळेत जात नाही.

वैष्णवी अशीच दिवाळीनंतर यायची बंद झाली. पहिल्या बाकावर बसायची. एरवी गप्प, पण माझी चूक काढायची भारी हौस. "बाई, तारीख कालचीच आहे फळ्यावर." तेवढ्यापुरतं तोंड उघडायचं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मागे लागल्या. "अहो, किती दिवस ओढणार तिला? स्थलांतरित दाखवा, नाव कमी करा, मोकळ्या व्हा."

"कुठे गेली ते न बघता?"

"मग जा बाई. आणि गृहभेटीचा फोटो टाका. तुम्हाला हौसच आहे."

जुन्या शेजारणीकडून कळलं, कुरुळीला गेलेत, पंधरा-वीस किलोमीटर लांब. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जायचं ठरवलं. शेवटच्या तासाला एक गणित घातलं. पुस्तकातलं नाही, तिथेच मनाने केलेलं. एका खोक्यात सत्तेचाळीस चिकू, तर सहा खोक्यांत किती? अर्धं सोडवलं आणि मोठ्या बाईंनी गृहभेटीच्या फॉर्मसाठी दारातून हाक मारली. परत येऊन उत्तर लिहिलं, तेवढ्यात घंटा झाली. फळा तसाच ठेवला, वर्गाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

एकच्या सुमारास स्कूटरवरून कुरुळीत पोचले. पत्र्याच्या खोल्यांची रांग, शेवटची खोली. वैष्णवी तीन वर्षांच्या बहिणीला कडेवर घेऊन उभी होती.

"बाई? तुम्ही?"

आत गेले. दाराच्या आतल्या बाजूला खडूने फळा केला होता. वरती वार, तारीख, पट ३८, हजर २९. खाली ४७ गुणिले ६, उत्तर २८२. शाळा-शाळा खेळत असेल म्हणून मला बरंच वाटलं. रिपोर्टसाठी दारासकट तिचा फोटो काढला. आमच्या अ‍ॅपमध्ये फोटोवर ठिकाण आणि वेळ आपोआप येते.

"रोज लिहितेस?"

"हो. बारकी झोपली की."

"हे गणित कुठलं?"

"आजचं. तुम्ही घातलं ते, खोक्यांचं." मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "बाई, आज तुमचं चुकलं. हातचे चार मिळवायचे राहिले. दोनशे बेचाळीस लिहिलंत. कोणीच सांगितलं नाही का?"

"माझं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. आणि मला खरंच तसंच वाटत होतं.

मग विचारलं, "तुला सांगितलं कोणी हे?"

"कोण सांगणार? ऐकू येतं... तुम्ही मोठ्यानंच बोलता ना."

मी विषय सोडला. पोरीचं काय करायचं ते आधी बघायचं होतं.

साडेतीनला आई फर्स्ट शिफ्ट करून आली. मूळची परभणीकडची. "बाई, पोरगी हुशार हाय, कळतंय की मला. पण हिला शाळंत धाडलं तर बारकीला कोण बघल?"

मी म्हटलं, "दहा मिनिटांवर झेडपीची शाळा आहे. शेजारीच अंगणवाडी. ती सुटली की बारकी हिच्या वर्गात बसेल. तिथल्या सरांशी मी बोलते." तिथूनच फोन लावून बोलले. ते हो म्हणाले.

सोमवारी वर्गाचं कुलूप उघडलं. फळ्यावर २४२. चारच्या डोक्यावर हातचे चार बारीक लिहिलेले आणि मिळवलेले नाहीत. वर्गातल्या एकाही पोराच्या लक्षात आलं नव्हतं. वर कोपऱ्यात हजर २९. मी मोबाइल काढून फोटो बघितला. कुरुळी, शनिवार, एक वाजून बारा मिनिटं.

मग मी डोकं चालवलं. घरात एकच फोन, तो आईचा, आणि कंपनीत गेटवर जमा होतो. आमच्या वर्गातलं दुसरं कोणी कुरुळीत राहत नाही. समजा एखाद्या पोराने कळवलं असेल... पण पोरांना चूक कळलीच नव्हती. मलासुद्धा नाही.

त्याच आठवड्यात तिला तिकडे बसवून घेतलं. गुरुवारी दाखला पाठवला आणि फळ्यावर पट ३७ केला. संध्याकाळी आईचा फोन. "बाई, वैष्णवीनं दार पुसलं आज. म्हनली, बाईनं पट सदतीस केला, आता इथलंच लिहायचं."

हे तिला अंदाजाने सांगता येतं, दाखला जाणार हे माहीत होतं तिला. ते मी धरत नाही. दोनशे बेचाळीस मात्र धरावंच लागतं.

फोटो रिपोर्टला जोडला. मोठ्या बाईंनी बघितला, म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो पोरीचं."

वैष्णवी रोज शाळेत जाते, सरांकडे चौकशी असते माझी. आता तिला तिथल्या फळ्यावरच्या चुका सापडत असतील. मी मात्र गणित सोडवून झालं की अजून विचारते, "चुकलं का रे काही?" पोरं एकसुरात "नाही बाई" म्हणतात. त्यानंतरही मी जराशी थांबते, आणि मगच फळा पुसते.