मनोरच्या डॉक्टरीणबाई आणि नवे पिस्टन

गाडी थांबली तरी बाई लगेच उतरत नसत. इंजिन बंद करायच्या, चावी पर्समध्ये टाकायच्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून तशाच बसून राहायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, दार अडकलंय. मी धावत जाऊन बाहेरून उघडलं, तर म्हणाल्या, "दार ठीक आहे हो मिस्त्री. उतरलं की घरी जावं लागतं, म्हणून सवय झालीय." मग त्यांच्या लक्षात आलं, आपण घरी नाही, पालघरला गॅरेजात आलोय. आम्ही दोघेही जरा ओशाळलो.

साठ सालानंतरच्या त्या वर्षांत तारापूरला विजेच्या मोठ्या कारखान्याचं काम निघालं होतं. खडी-सिमेंटचे ट्रक दिवसभर धावायचे. त्यांच्याच भरवशावर मी सांगलीकडून येऊन स्टेशनामागे पत्र्याची शेड टाकली होती. बायको गावीच होती. डॉक्टरीणबाई मनोरच्या सरकारी दवाखान्यात. लग्न केलेलं नव्हतं, वय चाळिशीच्या पुढे, आणि वडिलांमागे राहिलेली जुनी विलायती मोटार स्वतः चालवायच्या. त्या काळी आमच्या भागात बाईमाणूस मोटार चालवताना दिसलं की गुराखी गुरं सोडून बघत उभे राहत.

गाडी इतका निळा धूर सोडायची, की मनोर-पालघर रस्त्यावरच्या वाघोबाच्या खिंडीत ती चढताना मागचे ट्रकवाले काचा वर करून घ्यायचे. पेट्रोलच्या बरोबरीने ऑइल पीत होती म्हणा ना. इंजिनाचं हेड उतरवून बघितलं तर सिलिंडर वरच्या बाजूला इतके झिजलेले, की कडेला नख अडकत होतं. आधी कुणीतरी एकदा बोअर करून, म्हणजे आतून कातून घेतलेलं होतं, त्यामुळे आता आणखी कातायला भिंतच उरली नव्हती. मी म्हटलं, "बाई, विकून टाका. नाहीतर आत नवे लायनर, म्हणजे लोखंडी नळ्या बसवायच्या, नवे पिस्टन घालायचे. इंजिन पार सुटं करावं लागेल."

"करा सुटं," बाई म्हणाल्या. "माझ्या घरात आवाज करणारी एवढीच एक वस्तू आहे."

इंजिनाचा ब्लॉक मी मुंबईला नेला. तिथल्या कारखान्यात जुन्या सिलिंडरांत लायनर दाबून बसवले, पिस्टनच्या मापाला आतून गुळगुळीत केले आणि ब्लॉक परत आणला. दरम्यान बाई दर रविवारी एस.टी.ने पालघरला यायच्या. मला वाटायचं, कामावर लक्ष ठेवायला येतात. एकदा मी तसं बोललोही. त्यांनी रॉकेलच्या पातेल्यात बुडवलेला व्हॉल्व्ह पुसत पुसत सांगितलं, "रविवारी दवाखाना बंद. कुणी आजारी पडत नाही. मग बोलायचं कुणाशी?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्यांना बसायला एक पेटी पुसून ठेवू लागलो. त्या फार बोलत होत्या असंही नाही. कधी त्यांच्या वडिलांबद्दल, कधी दवाखान्याच्या मागच्या चिंचेवर येणाऱ्या वानरांबद्दल. मीही मग गावच्या गोष्टी सांगायचो. बायकोचं पत्र आलं का, हे पालघरात मला फक्त त्या विचारायच्या.

पिस्टन बसवायच्या दिवशी त्या हटूनच बसल्या. पिस्टनवरच्या रिंगा आत दबून राहाव्यात म्हणून त्याच्याभोवती पत्र्याची पट्टी आवळून धरावी लागते. ती त्यांनी धरली आणि मी हातोडीच्या दांड्याने वरून हळूहळू ठोकत गेलो. शेवटचा पिस्टन अडखळला. बाई म्हणाल्या, "थांबा, घाई नको," आणि पट्टी किंचित फिरवून पुन्हा आवळली. पिस्टन अलगद आत उतरला. त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की शेजारचा पानवाला डोकावून गेला.

गाडी ताब्यात देताना मी बजावलं, "पिस्टन नवे, लायनर नवे. त्यांची अजून एकमेकांशी ओळख नाही. काही आठवडे अगदी सावकाश चालवा. खिंड चढताना मधे थांबा, गार होऊ द्या. तापवली तर पिस्टन फुगून लायनरला धरेल आणि इंजिन जाम होईल."

"काही आठवड्यांत ओळख होते?" बाई म्हणाल्या. "मला मनोरला येऊन किती वर्षं झाली मिस्त्री!" आणि बैलगाडीला वाट देत देत त्या निघून गेल्या.

दुसरा आठवडाही सरला नव्हता. उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारची वेळ. शेडसमोरून खडीचा एक ट्रक गेला आणि त्याच्या मागे दोराने बांधलेली बाईंची गाडी. स्टिअरिंगवर बाई, पदर कमरेला खोचलेला, नजर समोर. मागच्या सीटवर कुणीतरी आडवं. इंजिनाचा आवाज नव्हता. इंजिन जाम झालंय, हे मला तिथेच कळलं. पाना टाकून मी मागोमाग सरकारी इस्पितळात गेलो.

पाड्यावरची एक मुलगी अडली होती. मूल आडवं आलेलं, पहिलंच. तिच्या नवऱ्याने पायरीवर बसून मला सगळं सांगितलं. "बाय बोलली, हितं नाय व्हनार, पालघरला न्यावं लागंल. गाडी लय जोरात हानली तिनं. खिंडीच्या वर आली न् गाडी खाडकन मेली. मी न् वाटंवरच्या तिघांनी ढकलली. मंग पलीकडं उतार लागला, तशी बायनं नुसती सोडली खाली." उतार संपला तिथे खडीचा ट्रक भेटला. ड्रायव्हर पंजाबी. तो अजून तिथेच उभा होता. मला म्हणाला, "मैडम ने कुछ माँगा नहीं, बस रस्सी पकड़ा दी."

मी बॉनेट उघडलं. अंगावर भट्टीसारखी वाफ आली. पंखा हाताने फिरवून पाहिला, तसूभर हलला नाही. इतक्या आठवड्यांचं काम डोळ्यांसमोर गेलेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

ऊन उतरल्यावर बाई बाहेर आल्या. गाडीच्या पायरीवर बसल्या.

"आई वाचली," म्हणाल्या. "मूल गेलं."

मग म्हणाल्या, "चढताना मला कळलं होतं मिस्त्री. इंजिन जड झालं. तुम्ही सांगितलेलं सगळं आठवत होतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा असं वाटलंही. मागे ती माझी वेणी धरून ओरडत होती. नाही काढला पाय."

"इंजिन परत उघडता येतं, बाई."

"हो," त्या म्हणाल्या. "ते एक बरं असतं." आणि मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. रॉकेलमध्ये तासन्‌तास काम करताना, रिंगा धरताना जे कधी हलले नव्हते, ते हात. त्यांना जवळ घेऊन बसणारं तिथे कुणी नव्हतं, आणि मी तर मिस्त्री. नळावरून तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं, एवढंच मला सुचलं.

एक लायनर चरे पडून वाया गेला होता आणि दोन पिस्टन. ते बदलले. पुन्हा रविवार सुरू झाले. पण पावसाळा संपता संपता त्यांच्या बदलीचा हुकूम आला, पार विदर्भात, चांद्याकडे कुठेतरी. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आल्या. चहा प्यायल्या. "बायकोला इकडे घेऊन या," म्हणाल्या. "माणसाने फार दिवस एकटं राहू नये. नंतर ते अंगवळणी पडतं." गाडी घेऊन त्या एवढ्या लांब एकट्याच निघाल्या होत्या. सोबत कुणी देऊ का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सोबत कोण देणार होतं?

पुढचे रविवार मला फार मोठे गेले. तरी होळीनंतर मी गावी जाऊन बायकोला घेऊन आलो.

त्याच्याही पुढच्या वर्षी एक मुलगी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. काखेत काही महिन्यांचं मूल. मी ओळखलं नाही. मला दिसला होता तो मागच्या सीटवरचा एक हात फक्त.

"बाय कुठं हाय?" तिने विचारलं. "दवाखान्यात दुसरा डाक्टर हाय. त्यो बोलला, गाडीवाल्याला इचार."

"बाई लांब गेल्या. बदली झाली."

"कदी येल?"

"आता नाही यायच्या."

ती उभीच राहिली. मनोरहून एवढी वाट ती मूल घेऊन चालत आली होती. खिंड चढून, खिंड उतरून.

"तिला दाखवाया आनलाय," ती म्हणाली. "ह्यो जगला."

बाईंचा पत्ताही माझ्याकडे नव्हता. मुलगी माझ्याकडे आणि शेडमधल्या सुट्या इंजिनाकडे जरा वेळ बघत राहिली. मग दोन पावलं पुढे आली.

"मंग तूच बग," म्हणाली.

माझे हात कोपरापर्यंत काळे होते. मी पुसायला फडकं शोधू लागलो, पण तेवढंही ती थांबली नाही. मूल तिने माझ्या हातांत दिलं.