ह्यांचं रान

दुबईजवळ अजमानला मुलाच्या बिल्डिंगखाली दोन कडुनिंब आहेत. दुपारी त्यांच्या बुडाशी पाण्याची काळी नळी तापली, की तो प्लास्टिकचा वास येतो आणि मला ह्यांचं रान आठवतं. लग्न झालं तसे हे इकडं आले आणि वाळवंटात सरकारनं लावलेल्या झाडांना असल्याच नळ्यांनी जन्मभर पाणी घालत राहिले. मी गावी पोरं वाढवली. ‘एकदा तुला माझी झाडं दाखवीन,’ असं फोनवर म्हणायचे. म्हातारपणी मुलानं माझा व्हिसा काढला, तेव्हा हे मला त्या रानात घेऊन गेले. ओळीनं झाडंच झाडं होती, पण सगळी राखेच्या रंगाची. हात लावला की फांदी कडकन मोडायची. ह्यांच्या जोडीचा पठाण म्हणाला, ‘भाभी, ऊपर से ऑर्डर आया. इधर का पानी खलास.’ मी ह्यांना म्हणलं, ‘अहो, मुळं खोल गेली असतील की. फुटेल पालवी.’ ह्यांनी बोरीचं एक बारकं झाड हलवलं, तर ते हातातच आलं. मुळं वीतभर. ‘रोज आयतं पाणी दिलं गं मी,’ हे म्हणाले, ‘खाली जायची त्यांना गरजच पडली नाही.’ आणि तिथंच वाळूत बसले. मी पण शेजारी बसले. आता हे नाहीत. टीव्हीवर इथं नवीन झाडं लावताना दाखवतात, नातू इंग्लिशमध्ये खुशीनं सांगतो, मी मान हलवते. माझ्या पोरांचा बाप त्या झाडांनी नेला, आणि तीही जगली नाहीत.