गोड्या पाण्याचा फेस

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात आधी आले ते बोर्ड. जुन्याच इमारती, वर नव्या रंगाची नावं. पाणी मात्र आलं नाही. बाबा भोकरला सरकारी कचेरीत शिपाई होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवीत म्हणून त्यांनी बदली मागून घेतली, आणि आम्ही तिकडच्या दुष्काळातून उठून इकडच्या दुष्काळात येऊन पडलो.

बाबांच्या साहेबांच्या खिडकीत एसी होता. तो बिघडला की औरंगाबादहून माणूस यायचा, आणि तो येईपर्यंत साहेब घाम पुसत दिसेल त्याच्यावर खेकसायचे. बाबांनी हे चार-दोनदा पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "तू फ्रीज-एसीचं काम शीक. ह्या गावात ते कुणालाच येत न्हाई."

मला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. पण बाबांपुढं कुणाचं चाललंय? आयटीआयला नाव घातलं. गावातल्या बाया टँकरमागं घागरी घेऊन पळायच्या आणि आम्ही पोरं वर्गात बसून बर्फ कसा होतो ते शिकायचो. याची मला तेव्हाही चीड यायची. तरी शिकत राहिलो, कारण बाबांची नोकरी संपत आली होती. पास झालो तर एका कारखान्यात शिकाऊ म्हणून घेणार होते. नापास झालो तर पुन्हा परीक्षेसाठी वर्ष थांबायचं, आणि तेवढा दम आमच्या घरात नव्हता. मग माझ्या धाकट्या बहिणीची शाळा बंद होणार, हे घरात न बोलताच ठरलेलं होतं.

आमच्या कामातलं खरं कसब सांध्यात. तांब्याच्या दोन नळ्या ज्योतीवर तापवून झाळायच्या, आत गॅस भरायचा आणि सांध्यावर ब्रशनं साबणाचं पाणी लावायचं. सांधा गळत असेल तर तिथं फुगा येतो. फुगा नाही तर सांधा पक्का. आमचे सांधे वर्षभर पक्केच निघाले. आम्हाला वाटायचं, आपण जन्मजात कारागीर. आता वर्कशॉपातला फ्रीज आम्ही गॅस भरल्यावर आठवडाभरातच कोमट व्हायचा, ही गोष्ट निराळी. त्यासाठी सर गॅसवाल्याला शिव्या द्यायचे आणि आम्हीही त्यात सूर मिसळायचो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माय अंगणात माझे खाकी कपडे धूत होती. धुता धुता करवादली, "ह्या बोअरच्या पाण्याला आख्खी वडी झिजवली तरी फेस येत न्हाई बघ." हे काही नवं नव्हतं. त्या पाण्यात डाळही शिजायची नाही, म्हणून स्वयंपाकाला आणि प्यायला टँकरचं गोडं पाणी आणि बाकी सगळ्याला बोअरचं, असं घरोघरी चाललं होतं. पण त्या दिवशी मी जागीच थांबलो. वर्कशॉपच्या टाकीत हेच बोअरचं पाणी. फेसच नाही, तर फुगा कुठून येणार?

म्हणजे वर्षभर आम्ही गळक्या सांध्यांना पक्कं म्हणत आलो होतो. आणि परीक्षक साबण लावून बघणार नव्हते. ते तपासायचा दिवा घेऊन येणार होते. गॅस जरा जरी सुटत असला तरी त्या दिव्याची ज्योत हिरवी होते. आमच्याकडचा दिवा पहिल्यापासून बंदच होता.

सकाळी मी मायला गोडं पाणी मागितलं.

"कशाला?"

"साबण कालवायला."

"प्यायच्या पाण्यात साबण? डोस्कं फिरलं का तुझं?" ती पहाटेपासून टँकरला उभी राहून आली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिला किती कळलं कुणास ठाऊक. तिनं माझ्याकडं न बघता बाटली भरली आणि म्हणाली, "सांडू नको."

वर्कशॉपात मी पोरांना सांगितलं तर ती हसली. सर म्हणाले, "आजच्या दिवशी जास्त डोकं चालवू नकोस."

मी माझा सांधा झाळला, गॅस भरला, बाटलीतल्या गोड्या पाण्यातच साबण कालवून लावला. दह्यावरच्या सायीसारखा दाट फेस आला, आणि त्यातून एक फुगा सावकाश वर आला. चला, निदान वेळ होता. मी गॅस सोडला आणि सांधा पुन्हा झाळायला घेतला.

शेजारच्या टेबलावरचा पोरगा हे बघत होता. त्याच्या वडिलांचं उदगीरला अडतीचं दुकान. आम्ही बौद्ध. तो माझा मित्र होता, चांगला मित्र, पण माझ्या डब्यातली भाकरी त्यानं कधी मोडली नव्हती की तो माझ्या बाटलीचं पाणी प्यायला नव्हता. त्यानं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "थोडं पाणी दे रं." मी बाटली दिली. त्याच्याही सांध्याला फुगा आला. मग कुणाचं हसू राहतंय? बाटली या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. जिकडं तिकडं पुन्हा ज्योती पेटल्या. सरांना सगळं दिसत होतं, तरी ते खिडकीबाहेर तोंड करून उभे होते.

बाटली परत आली तेव्हा तळाशी नुसता साबण होता. पुन्हा झाळून गॅस भरलेला माझा सांधा तपासायला थेंब उरला नव्हता. परीक्षक दिवा घेऊन माझ्या टेबलाशी आले तेव्हा मला बहिणीचं दप्तर दिसत होतं, खरंच सांगतो. त्यांनी दिव्याची नळी सांध्याभोवती फिरवली. ज्योत निळीच राहिली. "पास" म्हणत त्यांनी मान हलवली आणि ते पुढं गेले.

बाहेर आलो तर मित्र पायरीवर बसलेला. त्याचीही ज्योत निळीच राहिली होती. उन्हानं आणि ज्योतीच्या धगीनं तोंड लाल झालेलं. माझ्या हातातल्या बाटलीकडं बघत म्हणाला, "घोटभर हाय का रं?"

मी बाटली उलटी करून दाखवली. तो हसला, मीही हसलो, आणि आपापल्या वाटेनं गेलो.

घरी मायला आधी पास झाल्याचं सांगितलं. तिनं बहिणीला जवळ ओढलं, डोळे पुसले. मग मी मोठ्या ऐटीत मित्राची गोष्ट सांगितली, की इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा त्यानं आपलं पाणी प्यायला मागितलं. वाटलं, ती खूश होईल.

तिनं विचारलं, "आन् तू काय दिलंस?"

"बाटलीत साबण होता माय. काय देणार?"

"मग घरी का न्हाई आणलंस त्याला?" ती खरोखर चिडली होती. "घागरीत होतं की पाणी."

हे मला सुचलंच नव्हतं.