आबांचं ‘हाय’

कुणी काही म्हणो, मी त्या डब्याला उदबत्ती ओवाळते. दसऱ्याला शिलाई मशीन, कात्री नि टेप पुजले की शेजारी तोही ठेवते. तळहातावर मावेल एवढा काळा डबा, टीव्हीला जोडला की इंटरनेटवरचं सगळं पडद्यावर येतं. आमचे हे हसतात. म्हणतात, “आता त्याच्या अपडेटला नारळ फोड.” फोडीन! डबा माझा, नारळ माझा, तुमच्या पोटात कावून दुखतंय?

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, अंगावरून वारं गेलं तेव्हाची ही गोष्ट. आबा आष्टीकडचे, सगळा जन्म मेंढरांमागं गेला. एका टेकडीवरून हाळी दिली तर पलीकडच्या टेकडीवरची मेंढी मान वर करायची, असा आवाज. अंबाजोगाईच्या दवाखान्यात जीव वाचला, पाय चालायला लागले, पण उजवा हात आणि जीभ मागंच राहिली. मनात सगळं, तोंडात काही नाही. भाऊ-भावजयीला ऊसतोडीला जाणं भाग होतं, म्हणून मी आबांना तेलगावला माझ्या घरी आणलं. लेकीच्या घरचं पाणीही संकोचानं घेणारा माणूस, मान खाली घालून बसला.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्यांचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. जीभ आत्ता हलली तर हलली, नाहीतर बसून राहील.”

सांगणं सोपं! आमच्यात पाहुण्यानं घसा खाकरला की पाण्याचा तांब्या पुढं येतो. माणसावर मागायची वेळ आणणं म्हणजे त्याचा अपमान. आबांनी “पा” म्हटलं की पाणी, “च” म्हटलं की चहा. सासूबाई तर “च”च्या आधीच आधण ठेवायच्या. शेजारीण नुसत्या नजरेवरून लोड सरकवायची. मायेत एकापेक्षा एक सरस सगळे, आणि आबांची जीभ आपली निवांत.

भाऊ रोज संध्याकाळी उसाच्या फडातून कोपीवर, पाचटाच्या झोपडीत आला की फोन करायचा. “आबांना दे.” मी फोन कानाला लावला की आबा तोंड फिरवायचे. पलीकडून तो विनवायचा, “आबा, नुसतं ‘मी हाय’ म्हणा. एवढंच.” आबांच्या डोळ्यांत पाणी, पण शब्द नाही. एकदा भाऊ मला म्हणाला, “अक्का, खरं सांग. लपवू नको. आबा हायेत ना?”

घरात आबांच्या मनातलं अजिबात न ओळखणारा एकटाच होता, तो डबा. त्याच्या रिमोटला बोलायचं बटण होतं. एक दिवस ह्यांनी तो रिमोट आबांच्या डाव्या हातात दिला. “काय बघायचं ते सांगा त्याला.” आबांनी जोर लावून “ओव्या” म्हणून बघितलं. डबा म्हणाला, “समजलं नाही, पुन्हा बोला.” आबा पुन्हा बोलले. त्यानं ओव्यांच्या ऐवजी ओव्याच्या काढ्याचा उपाय लावला! आबांना चेव आला.

मग रोज तेच. मी मशीनवर ब्लाउज शिवायचे, आबा समोर बसून डब्याशी झुंजायचे. डबा ना चिडायचा, ना दया करायचा. पुन्हा बोला, पुन्हा बोला. माझ्यासारख्या तापट बाईला हे जमलं असतं का? नाव काढू नका. हळूहळू “ओव्या” आलं, मग “धनगरी ओव्या” आलं. पडद्यावर ढोल वाजला त्या दिवशी मी मशीन सोडून नाचायचीच बाकी होते. गडबड फक्त एका शब्दाची. आबांनी एकदा त्याला विचारलं, “हाय का?” तर ते इंग्रजीतलं समजून डबा म्हणतो कसा, “नमस्कार! मी काय मदत करू?” आबांनी कपाळाला हात लावला. पुन्हा म्हणून तो शब्द त्यांनी काढला नाही.

अशात एका दुपारी पडद्यावर पाटी आली. अपडेट सुरू आहे, बंद करू नका. आमच्याकडं लाइटीचा काय भरवसा! आकडा मुंगीच्या पावलानं वर सरकत होता. सासूबाई म्हणाल्या, “काय झालं गं त्याला? सलाईन लावलं का?” मग पडदा काळा झाला. मला वाटलं, संपलं. आबा रिमोट छातीशी धरून बसलेले. पण थोड्या वेळानं उजेड आला आणि डबा उठला, नवा, झकपक.

आणि अतिशहाणा! आबांनी “ओ” म्हटलं की पुढचं ऐकायला थांबेना, ओव्या लावून मोकळा. बटण न दाबताही कान टवकारून बसायची खोड लागली ती वेगळीच. पहिल्यांदा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काही दिवसांत ध्यानात आलं, आबा परत नुसत्या “ओ”वर आलेत. डबाही सासूबाईंच्या पंगतीला जाऊन बसला होता! मी ह्यांना म्हटलं, “पहिल्यासारखा येडा करा त्याला.” हे म्हणाले, “एकदा शिकलेलं मागं जात न्हाई.” मी सेटिंगमध्ये बोटं घालून घालून दमले, चार शिव्या हासडल्या, काही उपयोग झाला नाही. तिकडं भाऊ म्हणायला लागला, फड सोडून येतो. “थांब रे, बोलतील,” असं मी आजवर सांगत आले होते. आता कशाच्या जोरावर सांगू?

एका संध्याकाळी आबांना ओव्या नको होत्या. ऊस तोडणारी पोरं फडातले व्हिडिओ टाकतात, ते हवे होते. लेक कसा राबतोय ते बघायचं होतं. मला कळलं, शब्द जिभेवरही आला, पण दवाखान्यातल्या बाई आठवल्या. ओठ आवळून सुईत दोरा ओवत बसले.

आबांनी बटण दाबलं. “ऊ...” म्हणायला गेले, ते “ओ”सारखं निघालं. ढोल वाजला. त्यांनी बंद केला, पुन्हा “ऊ...” म्हणाले. पुन्हा ढोल. तिसऱ्यांदा ढोल वाजला तशी आबांचं तोंड लालबुंद झालं. रिमोट उगारून ते ओरडले,

“मला बोलू दे की बे!”

वारं गेल्यापासून आबांच्या तोंडून आलेलं हे पहिलं एवढं लांब वाक्य, आणि तेही डब्याला. रानात जोडीदारावर खेकसायचे तसं, बे! सासूबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी तो माघारी नेला.

“ऊस,” आबा म्हणाले. दम घेतला. “ऊस... तोडणी.”

पडद्यावर फड आला. डोक्यावर मोळ्या घेतलेली माणसं फळीवरून ट्रकवर चढत होती. आबा एकेक तोंड निरखून बघत होते. तेवढ्यात भावाचा फोन आला. मी उचलला, आणि आबांनी रिमोट मांडीवर ठेवून डावा हात पुढं केला.

“आबा?” पलीकडून आवाज आला.

आम्ही कुणी हललो नाही. कुणी शब्द पुरवला नाही. पडद्यावर कोयते सपासप चालत होते, आबा फोन कानाशी धरून जिभेशी झुंजत होते.

“हाय,” आबा म्हणाले. “मी हाय, लेकरा.”

पलीकडं भाऊ हमसून रडायला लागला, इकडं मी. आणि टीव्हीतून आवाज आला, “नमस्कार! मी काय मदत करू?”

केलीस की रे बाबा. लई केलीस.