कोरी जाळी

उलव्यातलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. बांधकाम चालू असलेल्या टॉवरवरून एक गवंडी पडून जागीच गेला होता. साताऱ्याकडचा, तरणाताठा. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. सुपरवायझरचा जबाब तयारच होता.

"साहेब, खाली सेफ्टी जाळी होती ना! त्याने मुद्दाम जाळीच्या बाहेर उडी टाकली. सकाळीच बायकोशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्यांनी ऐकलंय."

म्हणजे आत्महत्या, आणि दोष बायकोच्या माथी. गावाहून सुनेसोबत आलेली सासू पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातच तिच्यावर तुटून पडली. "तूच खाल्लंस माझ्या लेकराला! आता घरात पाय ठेवू नगंस!" ती पोर भिंतीला टेकून बसली होती. भांडण कशावरून झालं, हे विचारलं तरी तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एक फोन आला. नाव न सांगता माणूस एवढंच बोलला, "साहेब, ती जाळी जरा जवळून बघा."

मी साइटवर गेलो. महिनोन्महिने प्लास्टर चाललेल्या इमारतीची जाळी कशी असते? सिमेंटची ढेपळं, विटांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या. या जाळीत खडासुद्धा नव्हता. घड्यांच्या वळ्या तशाच होत्या. माझं डोकंच सणकलं.

सुपरवायझरला समोर बसवला. आधी नुसती उडवाउडवी. मग मी विचारलं, "तुझ्या साइटवर सिमेंट खाली पडत नाही, वर उडतं काय रे? जाळीत कणसुद्धा नाही!"

मग तो पोपटासारखा बोलू लागला. गवंड्याचा पाय फळीवरून घसरला होता. जाळी पहिल्यापासून गोदामात पडून होती, ती पोलीस यायच्या आत घाईघाईने बांधली. त्याच्यावर आणि ठेकेदारावर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल केला.

सासूसुनेला बोलावून मी सांगितलं, "त्याने जीव दिला नाही. तो पडला. खाली जाळीच नव्हती."

सासू मटकन खाली बसली. सून पहिल्यांदाच बोलली.

"न्हवती? भांडण त्यावरनंच झालं, साहेब. वरचं काम सोडा म्हणत हुते मी. ते म्हणले, खाली जाळी हाय की, उगा घोर लावून घेऊ नगंस."

सासूने तिला जवळ ओढलं. दोघी रडत राहिल्या.

खोटं पकडण्यात माझी हयात गेली. पण घरच्यांना धीर वाटावा म्हणून माणूस जे खोटं बोलतो, ते वेळेत पकडणारं कुणी नसतं. आजही नव्या टॉवरखालून जाताना मी वर बघतो. जाळी दिसली, तरी ती मळलेली आहे का, हे आधी बघतो.