माझी पायताणं तिच्या पायात

कोल्हापुरात चप्पल घेणं सोपं, घालणं अवघड. नवं कोरं पायताण म्हणजे चामडं नव्हेच, फळी असते ती. अंगठा सोलते, टाचेला फोड आणते, आणि दुकानदार वर छातीठोक सांगतो की काकू, आठवड्यात लोण्यासारखं होतंय बघा. होतंच, खोटं कशाला बोलू. पण तो आठवडा कुणाच्या तरी पायानं काढावा लागतो. माझा तो आठवडा माझ्या मैत्रिणीनं काढला. एकदा नाही, जन्मभर.

आम्ही दोघी एका बाकावरच्या. तिच्या घरी म्हशी. सकाळी म्हशी रंकाळ्यावर धुऊन आणायच्या आणि मग शाळेत यायचं, तेही अनवाणी. तिच्या टाचा म्हणजे पाटा-वरवंटा. बाभळीचा काटा मोडून पडायचा, हिला पत्ता नाही. माझ्या वडिलांचं किराणा दुकान, त्यामुळं माझे पाय पोत्यांवर बसून लाडावलेले. सातवीत असताना भावाच्या लग्नासाठी मला पहिल्यांदा कर्रकर्र वाजणारी पायताणं मिळाली. ती मिरवायला म्हणून मी शाळेत घालून गेले, आणि मधल्या सुट्टीपर्यंत दोन्ही अंगठे सोलून घेतले. बाकाखाली पाय लपवून मुसमुसत बसले होते. हिनं वाकून बघितलं, माझ्या पायातली पायताणं ओढून काढली आणि स्वतःच्या पायात सरकवली. आमची मापं तंतोतंत एक आहेत, हे तेव्हा कळलं.

"मी घालतो की," ती म्हणाली. "मला काय हुतंय?"

पुढचा तास गणिताचा. आता जिनं जन्मात चप्पल घातली नाही, तिच्या पायात वाजणारं पायताण आलं तर ती बसेल होय जागेवर? आधी पाणी प्यायला उठली. मग पेन्सिलीला टोक करायला खिडकीपाशी गेली. मग खिडकी लावायला, मग तीच उघडायला. कर्र, कर्र, कर्र. गुरुजी फळ्याकडून वळले की ही उभी असेल तिथं खांबासारखी गप्प. गुरुजींनी ठरवून टाकलं की बाकं कुरकुरतात. एकेका रांगेला उठबस करायला लावली, कान देऊन ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सुतार बोलावला. तो बिचारा खाली आडवा होऊन खिळे ठोकतोय आणि ही त्याला तांब्यातून पाणी द्यायला निघालीय, कर्र, कर्र. सुताराला सगळं कळलं. पाणी पिऊन तो हिच्या पायाकडं बघून म्हणाला की पोरी, बाक लई चालतंय तुझं. मला एक बोट वर करून वर्गाबाहेर पळावं लागलं, नाहीतर तिथंच अब्रू गेली असती.

आठवड्यानं पायताणं परत आली ती एरंडेल पिऊन मऊ झालेली. पाय घातला तर आत तिच्या पायाचा खोलगट ठसा, आणि माझा पाय त्यात जाऊन असा बसला की जणू कुणी त्याची वाटच बघत होतं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. लग्नं झाली, ती गंगावेशीत, तिथंही दारात म्हशीच, आणि मी राजारामपुरीत. मी नवी जोडी घेतली की कापडी पिशवीतून सिटी बसनं तिच्याकडं जायची आणि मऊ होऊन यायची. देवळाबाहेर चपला हरवायची माझी जुनी खोड, म्हणून प्रत्येक जोडीच्या अंगठ्याला आतून लाल दोरा शिवलेला असायचा. आमचे हे चिडवायचे, "तिच्या पायावर चालतीस तू. ती नसली तर फिरशील अनवाणी." मी म्हणायची, फिरेन.

यंदा नातवाचं लग्न निघालं. मी नवी जोडी घेतली, दोरा शिवला आणि तिला देऊन आले. तिनं उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली की आता माझंबी पाय म्हातारं झाल्यात, जरा सबुरीनं घे. मी म्हटलं, लग्नापर्यंत दे म्हणजे झालं. चहा झाला, भांडण झालं, मी आले. त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी दूध तापत ठेवलं, खुर्चीवर बसली आणि तशीच गेली. दूध उतू गेलं तेव्हा सुनेला कळलं.

रक्षाविसर्जनाला मी गेले ती धड डोळ्यांनी काही बघितलंच नाही. पण बाराव्याच्या जेवणाला माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर गेले आणि दारातच थिजले. पुढच्या खोलीत तिचा मोठा फोटो, हार, समई. आणि फोटोखाली चौरंगावर, पांढऱ्या कापडावर, हळद-कुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून, माझी पायताणं.

लाल दोरा दिसत होता की हो, सरळ दिसत होता.

लेकानं आईची शेवटची नवी पायताणं म्हणून ती पूजेला मांडली होती. येणारा प्रत्येक पाव्हणा आधी फोटोला हात जोडायचा, मग वाकून माझ्या चपलांवर डोकं टेकायचा. गल्लीतले माजी नगरसेवक आले, त्यांनी टेकलं. तिचे भाऊ आले, त्यांनी टेकलं. मग आमच्या जाऊबाई पुढं सरसावल्या. पन्नास वर्षं एका घरात काढली आम्ही, या बाईनं मला कधी 'बस' म्हटलं नाही. त्या गुडघ्यावर बसल्या, दोन्ही हातांनी माझी पायताणं धरली आणि त्यांवर कपाळ टेकवून हुंदका दिला.

मला हसू फुटलं. साधं नव्हे, सातवीतलं. पदर तोंडात कोंबला तरी खांदे गदगदा हलायला लागले. बायका धावल्या, कुणी पाठीवर हात फिरवला, कुणी पाणी आणलं, की बघा जिवाभावाची मैत्रीण, किती रडतीया. रडू पण येत होतं, ते काही नाटक नव्हतं. पण सगळं एकातच मिसळलेलं. फोटोत ती माझ्याकडंच बघत होती आणि मला खात्री आहे, तीही ओठ दाबून बसली होती.

मग मात्र माझं हसू विझलं, कारण मला ती पायताणं हवी होती. चपला म्हणून नव्हे, तशा दुसऱ्याही मिळतात. तिच्या पायांनी माझ्यासाठी केलेलं हे शेवटचं काम होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात बंद होणार होतं. लेक तसं सगळ्यांना सांगत होता. आणि ज्या पोरानं आई समजून पूजा मांडली, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की बाबा, ही माझी वहाण आहे?

पंगत उठली तरी मी बसूनच. शेवटी सून माझ्याजवळ येऊन टेकली आणि आपणच सासूबद्दल बोलायला लागली. आत्तींचा उजवा पाय त्या आठवड्यात म्हशीनं तुडवला होता, त्याला फडकं बांधलेलं. तरी त्या डावं एकच पायताण घालून घरभर फिरायच्या. एक पाय वाजतोय, एक गप्प. आम्हाला वाटलं, म्हातारीला चळ लागला. काढा म्हटलं तर म्हणायच्या की काम घेतलंय, वेळेत द्यायचंय.

एवढं ऐकल्यावर माझ्यानं राहवेना. लेकाला बोलावलं, चौरंगापाशी नेलं आणि अंगठ्यातला लाल दोरा दाखवून सातवीपासूनचं सगळं सांगितलं. त्या पैलवानासारख्या गड्यानं आधी दोऱ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.

"म्हंजे मावशी," तो म्हणाला, "इतकं दिवस आम्ही तुमच्याच पाया पडाय लागलोय व्हय?"

"व्हय रे बाबा."

"मग आशीर्वाद तरी द्यायचा की वो."

आणि तो जो हसला, म्हशी बिथरतील असा, तसा त्या घरात आई गेल्यापासून कुणी हसलं नव्हतं. सून हसली, भाऊ हसले. जाऊबाईंनी तेवढं पदरानं कपाळ पुसून काढलं, दोनदा.

लेकानं स्वतः हळद-कुंकू पुसून पायताणं माझ्या पायाशी ठेवली. डावा पाय घातला आणि लोणी. तिचा ठसा जागच्या जागी. उजवा घातला आणि फळी. गंगावेशीतून घरी रिक्षा करायची सोडून मी हट्टानं चालत निघाले. एक पाय गादीवर, एक निखाऱ्यावर. जाऊबाई पुढं पुढं, माझ्याशी अबोला धरून, आणि मागं मी एका पायानं लंगडत, कर्र कर्र वाजत, वाटभर मैत्रिणीला शिव्या घालत आणि हसत. बिंदू चौकात एक पोरगी थांबून बघायला लागली. बघ म्हटलं.

घरी आले तेव्हा उजवा अंगठा सोललेला, सातवीत सोलला होता अगदी तसाच. एरंडेलाची बाटली काढली, उजव्या पायताणाला चोपडलं. थोडं मुरू दिलं आणि तेवढं एकच पायात घालून स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून स्वयंपाकघरात फेऱ्या सुरू केल्या. यांनी पेपर खाली केला. म्हणाले, या वयात पाय सोलून घेऊ नकोस, दुसरी मऊ चप्पल आणू.

"मी घालतो की," म्हटलं. "मला काय हुतंय?"